नंबर लागना का? मेडिकलच्या पुढच्या राउंडकडे डोळे लावून बसलेल्यांचे प्रश्न

या महिन्यात मेसेज आणि पत्रं मिळून जवळजवळ सगळी एकाच विषयावर आलीत, एमबीबीएसचं ॲडमिशन. दर वर्षी दुसऱ्या राउंडची लिस्ट लागली की असंच होतं, ज्यांचं नाव आलं ते पेढे वाटत फिरतात आणि ज्यांचं नाही आलं ते मला लिहितात. मी एका मेडिकल कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला नोकरी केली, ॲडमिशनच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसून, त्यामुळे लोकांना वाटतं ताईंना आतलं काहीतरी माहीत असेल. आतलं असं काही नसतं हो, सगळं बाहेर नोटिशीत लावलेलं असतं, फक्त ती नोटीस कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. लिहिणाऱ्यांची नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

ताई, मुलीचा नीटचा दुसरा अटेम्प्ट होता. कॅटेगरी ओबीसी, इन्कम आठ लाखाच्या आत. दुसऱ्या राउंडलाही नाव नाही आलं. तिचे क्लासचे सर म्हणता की शेवटी लागलेल्या रँकपासून ती फार लांब नाही, म्हणजे वेटिंगला आहे. मग वेटिंगचा नंबर कुठे बघायचा? दुसरीकडे बीएएमएसची सीट लागू शकते. तिचे पप्पा म्हणता घेऊन टाक आणि मोकळी हो, ती म्हणते मला एमबीबीएसच करायचंय. त्यात रिपीटर बॅचवाल्यांचे फोनवर फोन चालू आहेत. डोकं काम नाही करत. – एक आई, अमळनेर

ताई, पहिले हे डोक्यातून काढा की कुठेतरी एक वेटिंग लिस्ट आहे आणि तिच्यात तुमच्या मुलीचा नंबर लिहिलेला आहे. रेल्वेच्या तिकिटावर कसं डब्ल्यूएल १४ असतं आणि ते सरकत सरकत आरएसी होतं, तसं इथे काही नाही. इथे सीईटी सेल, म्हणजे राज्याची ॲडमिशनं करणारं सरकारी ऑफिस, प्रत्येक राउंडला रिकाम्या जागा घेते, मेरिट लिस्ट वरून खाली वाचत येते, आणि ज्याची पाळी येईल त्याला त्याने भरलेल्या प्रेफरन्समधली सगळ्यात वरची मिळण्यासारखी सीट देते. म्हणजे मुलीच्या वर कितीजण अजून बिनसीटचे बसलेत, जागा किती सुटल्या आणि त्या वरच्या पोरांनी फॉर्ममध्ये काय भरलंय, एवढ्यावर सगळं आहे. आणि हे शेवटचं तर कोणालाच माहीत नसतं, क्लासच्या सरांनाही नाही.

आता जागा सुटतात कशा ते सांगते, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. सरकारी कॉलेजच्या १५ टक्के जागा ऑल इंडियाच्या, त्या दिल्लीहून एमसीसी, म्हणजे मेडिकल काउन्सेलिंग कमिटी, भरते, उरलेल्या ८५ टक्के आपल्या राज्याच्या. पोरं दोन्हीकडे फॉर्म भरतात. समजा पुण्याच्या बीजे मेडिकलला सीट मिळालेल्या एकाला ऑल इंडियातून नागपूरचं एम्स लागलं, तो उठला. त्याच्या जागेवर धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे कॉलेजचा कोणी बेटरमेंटमध्ये, म्हणजे वरच्या पसंतीची सीट मिळून, गेला, धुळ्याला जळगावचा आला, जळगावला नंदुरबारचा आला, आणि नंदुरबारची जी एक सीट मोकळी झाली ती मिळते बाहेर बसलेल्या पोरीला. पुण्यातली जागा सुटली खरी पण नवीन माणसाच्या हातात पडते ती साखळीच्या टोकाची. म्हणून तिसऱ्या राउंडला नव्याने नाव लागतं ते बहुतेक वेळा लांबच्या नाहीतर नवीन कॉलेजला. शिवाय काहींची कागदपत्रं फेटाळली जातात, काही जण जॉईनच होत नाहीत, काहींना बाहेरच्या राज्यात डीम्ड, म्हणजे अभिमत विद्यापीठाचं कॉलेज, मिळतं.

आणि कधीकधी अख्खं कॉलेजच नवीन येतं. २०२४ ला राज्यात दहा नवीन सरकारी कॉलेजांना परवानगी मिळाली, सगळ्या मिळून ९०० सीट, त्यात आपल्या शेजारचं बुलढाणा आणि नाशिकही होतं, आणि बऱ्याच परवानग्या काउन्सेलिंग चालू असतानाच आल्या. ज्यांनी पहिल्या लिस्टनंतर आशा सोडून पोर्टल बघणंच बंद केलं होतं त्यांना हे दुसऱ्याकडून कळलं.

मुलीला आज संध्याकाळी एक काम द्या. सीईटी सेलच्या साइटवरून गेल्या वर्षीच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि स्ट्रे, म्हणजे उरलेल्या जागांच्या शेवटच्या, राउंडच्या सिलेक्शन लिस्ट डाउनलोड करा. त्या पीडीएफमध्ये राज्याचा मेरिट नंबर, ऑल इंडिया रँक, कॅटेगरी, कॉलेज, कुठल्या कोट्यातून सीट दिली हे सगळं एका ओळीत असतं. ओबीसी आणि ओबीसी मुलींच्या जागा वेगळ्या काढा, मुलींना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, आणि प्रत्येक राउंडला शेवटची रँक किती होती ते वहीत लिहा. दुसऱ्या राउंडपासून स्ट्रेपर्यंत ती रँक किती खाली आली, तो तुमचा अंदाज. क्लासच्या सरांना विचारण्यापेक्षा हे बरं.

फक्त मार्क बघू नका, रँक बघा. २०२४ ला पैकीच्या पैकी ७२० घेणारे होते आणि २०२५ चा पेपर इतका अवघड गेला की देशात पहिला आला त्यालाच ६८६. सरकारी कॉलेजचा कटऑफ एका वर्षात शंभराच्या वर मार्कांनी घसरला. शेजारच्या वहिनी सांगतात ना, आमच्या भाच्याला एवढे मार्क होते तरी नाही लागला, तो २०२४ चा असेल तर त्या गोष्टीला काही अर्थ नाही.

मग येतो प्रेफरन्स फॉर्म, आणि इथे माझा आपल्या खान्देशी लोकांवर जुना राग आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार, नाशिक, मग पुणे-मुंबई, की झाला फॉर्म. गोंदिया नको, गडचिरोली नको, सिंधुदुर्ग नको, पोरगी एवढ्या लांब कशी राहील. अहो २०२० च्या सप्टेंबरपर्यंत ७०:३० चा फॉर्म्युला होता, ७० टक्के जागा त्या त्या विभागाच्या पोरांना, तेव्हा विदर्भ-मराठवाड्याची कॉलेजं आपल्याला अवघडच होती. आता तो गेला. लातूर-नांदेडची पोरं आपल्या धुळ्या-जळगावात येऊन बसतात ते आपल्याला दिसतं, पण त्यांच्याकडच्या जागाही आपल्याला तितक्याच उघड्या झाल्या ते कोणी बघत नाही. जिथे लागलं तर जाऊ असं वाटतं ती सगळी कॉलेजं भरा, आवडीच्या क्रमाने. खालची भरली म्हणून वरची मिळायची राहत नाही, हे मी खिडकीवर इतक्यांदा सांगितलंय की बस.

आणि प्रायव्हेट भरलंय का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही म्हणून विचारते. जळगावचं उल्हास पाटील, धुळ्याचं एसीपीएम, यांच्या कॅपमधल्या, म्हणजे सीईटी सेलच्या लिस्टमधून भरल्या जाणाऱ्या, जागा सरकारीपेक्षा बऱ्याच खालच्या रँकपर्यंत जातात. तुम्ही फीच्या आकड्याला घाबरून सोडलं असणार. पण ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, आधी ५० टक्के होती ती १०० केली. अट एवढीच की ॲडमिशन कॅपमधून झालं पाहिजे, मॅनेजमेंट किंवा इन्स्टिट्यूट कोट्यातून घेतलं तर काही मिळत नाही. हॉस्टेल, मेस, डिपॉझिट हा खर्च तुमचाच, तो कॉलेजला फोन करून आधीच विचारून घ्या. पण तुमच्यासारख्या घरातली मुलगी केवळ फीच्या भीतीने ही कॉलेजं फॉर्ममध्ये टाकत नाही, हे दर वर्षी होतं आणि मला फार वाईट वाटतं.

बीएएमएसचं सरळ सांगते. आयुर्वेद करायची तिची तयारी असेल तर घ्या, चांगला कोर्स आहे. पण फक्त हातात काहीतरी असावं म्हणून घेत असाल तर साडेपाच वर्षं ती चेहरा पाडून बसेल, आणि तुम्ही तिला दर रविवारी समजावत बसाल. जॉईन झालात तरी स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरायच्या आधी दहा वेळा विचार करा. तो भरला याचा अर्थ आम्ही या सीटवर समाधानी आहोत, पुढच्या राउंडला आमचं नाव धरू नका. खिडकीवर कोणी घाईत चार कागद पुढे सरकवतो, पालक चारही ठिकाणी सह्या करतात, त्यातला एक हा असतो. आणि बेटरमेंटला राहिलात तर उलटं लक्षात ठेवा, वरची सीट लागली की खालची त्याच क्षणी गेली, मग ती परत द्या म्हणून रडून उपयोग नाही. ओरिजिनल कागद त्या कॉलेजकडे जमा होतात, त्यांची पावती जपून ठेवा, दुसरीकडे जाताना हीच पावती दाखवून सोडवायचे असतात.

रिपीटर बॅचची फी आत्ता भरू नका, अभ्यास मात्र थांबवू देऊ नका. नीटला अटेम्प्टची मर्यादा नाही, वयाची वरची मर्यादाही काढून टाकलीय, त्यामुळे आत्ता फी भरली नाही तर सीट जाईल असं क्लासवाला म्हणत असेल तर ती त्याच्या क्लासची सीट जाईल, मेडिकलची नाही. स्ट्रे राउंड संपायला वेळ लागतो. २०२४ ला तर जागा रिकाम्या राहिल्या म्हणून सुप्रीम कोर्टाने डिसेंबरमध्ये मुदत वाढवून ३० डिसेंबरपर्यंत जागा भरायला लावल्या.

आता फाइल. लिस्ट लागल्यापासून जॉईन व्हायला जेमतेम चार-पाच दिवस मिळतात, त्यात एखादा रविवार, एखादी सुट्टी. शेवटच्या दिवशी दुपारी चारनंतर आमच्या खिडकीसमोर जे चालायचं ते सांगते. कोणाचं मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट आहे पण साध्या लेटरहेडवर, ब्रोशरमधल्या नमुन्यात नाही, कोणाच्या सर्टिफिकेटवर डॉक्टरची सही आहे पण रजिस्ट्रेशन नंबरचा शिक्का नाही, बाप बिचारा ओळखीचा डॉक्टर शोधत बाहेर पळतोय, पोरगी पाणी न पिता उभी, मागून दुसरे ओरडतायत. कोणाचं नॉन क्रिमिलेअर ३१ मार्चला संपलेलं, आणि नवीन काढायचं कोणाला सुचलंच नाही. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं. रिपीटर असून गॅपचं ॲफिडेव्हिट नाही. तुमच्या मुलीची गॅप आहे म्हणून हे खास सांगते. हे सगळं आत्ता, नाव लागायच्या आधी करून ठेवा, प्रत्येक कागदाच्या पाच-सहा झेरॉक्स, डीडी कुठल्या नावाने लागतो ते ब्रोशरमध्ये बघून बँकेत खात्यावर पैसे तयार. नाव नाही लागलं तर काय, झेरॉक्सचे शे-दोनशे गेले.

मी पावरा समाजाचा आहे, एसटी. एसटीचा कटऑफ बघता तिसऱ्या राउंडला सरकारी मिळेल असं वाटतं. पण व्हॅलिडिटी, म्हणजे जमातीच्या पडताळणीचा दाखला, अजून पडताळणी समितीकडे पेंडिंग आहे, अर्ज उशिरा केला. सीट लागली आणि व्हॅलिडिटी नसली तर काय होईल? – एक विद्यार्थी, शिरपूर तालुका

भाऊ, व्हॅलिडिटी नसली तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि तुला ओपनमध्ये धरतात. काही वर्षी सरकार मुदत वाढवून देतं पण त्याच्या भरवशावर राहू नको.

घरात आधी कोणाला व्हॅलिडिटी मिळालीय का ते आजच्या आज शोध. वडील, सख्खा भाऊ-बहीण, काका, आत्या, वडिलांच्या बाजूचं कोणीही. रक्ताच्या नात्यातली व्हॅलिडिटी असली आणि वंशावळीत नातं नीट दाखवलं तर प्रकरण खूप सोपं होतं. नसेल तर जुने पुरावे लागतात, एसटीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे चांगले. ओबीसीवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे आणि भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांच्या भावाचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे जुने उतारे, हे तहसीलला आणि गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरला सापडतं. पाड्यावरची शाळा नंतर सुरू झाली असेल तर त्या वेळी पोरं कुठल्या गावाला शिकायला जायची ते म्हाताऱ्यांना विचार, तिथल्या हेडमास्तरला भेट.

समितीकडे स्वतः जा, एजंटला पाठवू नको. सोबत नीटचा स्कोअरकार्ड, सीईटी सेलचं वेळापत्रक आणि कॉलेजचं पत्र ने, आणि ॲडमिशनसाठी तातडीने निकाल द्या असा साधा अर्ज कर, त्याची पोच घे. त्रुटी काढली असेल तर ती लेखी माग. बऱ्याच फाइली अशा पडून असतात की समितीने एक कागद मागितला, ते पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि इकडे घरचे समजतात की समितीच वेळ लावतेय.

आणि तुझ्या पाठची भावंडं अकरावीला आली की लगेच कॉलेजमार्फत त्यांचा अर्ज टाक. हे वाक्य मी दर वर्षी छापते.

मला दोन जणांचे फोन आले. एक म्हणतो स्ट्रे राउंडला सीट काढून देतो, आतमध्ये सेटिंग आहे, आत्ता दोन लाख टोकन आणि बाकी ॲडमिशन झाल्यावर. मुलाचा रोल नंबर, मार्क सगळं त्याला आधीच माहीत होतं म्हणून खरं वाटतं. – रेल्वे कर्मचारी, भुसावळ

रोल नंबर आणि मार्क माहीत असणं हा पुरावा नाही, ती माहिती क्लासेसकडून, सायबर कॅफेतून, कुठूनही विकली जाते. स्ट्रे राउंडलाही सीट मेरिटनेच मिळते, लिस्ट सीईटी सेल नाहीतर एमसीसी लावते, कॉलेजच्या हातात परस्पर कोणाला बसवायचं काही राहिलेलं नाही. या लोकांचा धंदा फार सोपा आहे. पन्नास जणांकडून टोकन घ्यायचं, त्यातल्या चार-पाच जणांचा नंबर स्वतःच्या मेरिटवर लागणारच असतो, त्यांच्याकडून उरलेले पैसे घ्यायचे आणि बाकीच्यांना सांगायचं की या वेळी वरून दबाव आला. त्या चार-पाच जणांना आयुष्यभर वाटतं की सेटिंगनेच झालं, आणि ते पुढच्या वर्षी नातेवाइकांना त्याचाच नंबर देतात.

इन्स्टिट्यूट कोटा, एनआरआय कोटा या गोष्टी खऱ्या आहेत, त्यांची फी कितीतरी जास्त असते, पण त्याही जाहीर असतात, अर्ज करून मेरिटने मिळतात. पैसे भरायचे ते पोर्टलवर. एमसीसीला ऑल इंडियाच्या जागांसाठी परत मिळणारं डिपॉझिट ओपनला १० हजार आणि राखीवला ५ हजार, डीम्डसाठी दोन लाख. तुमच्या फोनवाल्याने नेमका दोन लाखाचाच आकडा काढला त्यात मला तरी योगायोग दिसत नाही, डीम्डचं डिपॉझिट म्हणून तो उद्या पावतीही दाखवेल. ते डिपॉझिट तुमच्या खात्यातून एमसीसीच्या साइटवरच जातं, कोणाच्या गुगल पेला नाही. नंबर ब्लॉक करा आणि सायबरच्या १९३० ला कळवा.

माझी भाची अमेरिकेत वाढली, तिला तिथल्या एका मेडिकल स्कूलने वेटलिस्टला ठेवलंय. ती म्हणते मी त्यांना पत्र लिहिणार की मला तुमच्याकडेच यायचंय. इथे आमच्या मुलासाठी पण डीनला असं पत्र लिहिलं तर चालेल का? – शहादा

भाचीला लिहू द्या, मुलासाठी लिहू नका.

तिकडची पद्धतच वेगळी आहे. आधी चार वर्षांची डिग्री, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग प्रत्येक कॉलेजला वेगळा अर्ज, इंटरव्ह्यू, आणि कोणाला घ्यायचं ते कॉलेजची कमिटी ठरवते. तिथे खरीखुरी वेटलिस्ट असते. एकेका हुशार पोराकडे तीन-तीन, चार-चार कॉलेजची ऑफर असते, आणि ३० एप्रिलच्या सुमारास त्यांनी एक ठेवून बाकीच्या सोडायच्या असा तिकडचा रिवाज आहे, तेव्हा वेटलिस्ट हलायला लागते आणि जुलै-ऑगस्टला वर्ग सुरू होईपर्यंत हलत राहते. म्हणून तिथे पत्राला किंमत आहे, कमिटीला कळतं की हिला बोलावलं तर ही नक्की येणार. फक्त तिला सांगा की तुमच्याकडेच येणार असं वचन एकाच कॉलेजला द्यायचं, अर्ज केल्यानंतर नवीन काही झालं असेल, मार्क, रिसर्च, हॉस्पिटलमधलं काम, तर ते लिहायचं, आणि त्या कॉलेजने पत्र पाठवू नका असं सांगितलं असेल तर गप्प बसायचं. काही कॉलेजं स्पष्ट सांगतात तसं.

आपल्याकडे डीनना कोणाला घ्यायचं हा अधिकारच नाही. लिस्टमध्ये नाव आलं तर त्यांना घ्यावंच लागतं, नाही आलं तर त्यांच्या स्वतःच्या भाच्यालाही घेता येत नाही. आमच्याकडे अशी पत्रं यायची, आमदारांच्या लेटरहेडवरचीसुद्धा, ती आवक रजिस्टरला चढायची आणि फाइलला लागायची. तेवढ्या वेळात मुलाचा प्रेफरन्स फॉर्म परत एकदा तपासा.

रोज कोणीतरी विचारतं, "पोऱ्याना नंबर लागना का?" मुलगा खोलीबाहेर यायला बघत नाही. लोकांना काय सांगू? – चाळीसगाव

सांगा की तिसरा राउंड अमुक तारखेला आहे, लागला की फोन करू. तारीख सांगितली की माणूस पुढचं विचारत नाही. आणि पोराला जेवायला बाहेर काढा, भरीत-भाकरी करा, मोबाइल बाजूला ठेवायला लावा. तो टेलिग्रामच्या ग्रुपवर दिवसभर अंदाज वाचत बसला असणार, तिथे अठरा वर्षांची पोरं एकमेकांना कटऑफ सांगत असतात. झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, असं बरेच दिवस चाललं असेल किंवा तो जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलला, तर लिस्टची वाट बघू नका, सरळ मानसोपचार डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मुलीला स्ट्रे राउंडला गोंदियाचं सरकारी लागलं! आम्ही फॉर्म भरताना शेवटी टाकलं होतं, लागेल असं वाटलंच नव्हतं. आता आजी म्हणते एवढ्या लांब नको, पुढच्या वर्षी धुळं मिळेल. पाठवू का? – पाचोरा

पाठवा. हा काय प्रश्न झाला. स्ट्रेला लागलेली सीट सोडणं म्हणजे पहिल्या राउंडला सोडण्यासारखं नाही, इथे पुढे राउंडच नसतो. एमसीसीच्या स्ट्रेला लागलेली घेतली नाही तर डिपॉझिट जप्त होतंच आणि पुढच्या वर्षीच्या नीटला बसू देत नाहीत, राज्याच्या स्ट्रेचे नियम तुमच्या ब्रोशरमध्ये त्याच पानावर आहेत, आजींना मोठ्याने वाचून दाखवा. पुढच्या वर्षी धुळं मिळेल हे आजींना कोणी सांगितलं?

गोंदियाचं कॉलेज २०१६ पासून चालू आहे, तिथलं केटीएस हॉस्पिटल आणि बाई गंगाबाई महिला रुग्णालय जोडलेलं आहे. बाळंतपणं आणि सिकलसेलचे जेवढे पेशंट तिथे हाताखालून जातात तेवढे पुण्यात एका पोरीच्या वाट्याला येणं कठीण आहे. डिग्री सगळीकडे नाशिकच्याच आरोग्य विद्यापीठाची. सरकारी आहे म्हणून शिकून झाल्यावर एक वर्ष बॉण्डची सेवा करावी लागेल, नाही केली तर १० लाख भरावे लागतात, तो बॉण्ड जॉईन होतानाच लिहून घेतात, स्टॅम्प पेपर किती रुपयाचा ते आधी विचारा म्हणजे तिथे जाऊन शोधाशोध नको. हॉस्टेलचा अर्ज त्याच दिवशी टाका, उशिरा येणाऱ्या पोरींना खोली मिळायला त्रास होतो, न मिळाल्यास वॉर्डनला भेटून नाव नोंदवून ठेवा. जायला जळगाव-भुसावळहून महाराष्ट्र एक्सप्रेस सरळ गोंदियापर्यंत जाते, रिझर्व्हेशन नाही मिळालं तर तत्काळ बघा, पण रिपोर्टिंगच्या शेवटच्या दिवशी पोचेल अशी गाडी धरू नका, एक दिवस आधी पोचा. ओरिजिनलची फाइल बॅगेत टाकू नका, हातात ठेवा.